डब्यावर सदर लिहिताय ना मॅडम, मग टोमणा आधी खाली ठेवा

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. एका दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत त्यांना दर शुक्रवारी साडेचारशे शब्दांचं सदर मिळालंय. विषय लेकरांचा डबा आणि शाळेतलं जेवण. आवडत्या राजकीय स्तंभलेखकाच्या वळणावर त्यांनी तीन लेख लिहिले: तुटक वाक्यं, मधेमधे चिमटे, शेवटी एक फटका. तिसरा लेख छापून आला आणि सोमवारी एक आई शाळेत येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही पेपरात आमचीच इज्जत काढली." आता मॅडम विचारतात, शैली बदलू का? की हा विषयच असा आहे की कोणीतरी दुखावणारच? आणि पौष्टिक डबा म्हणजे नेमकं लिहू तरी काय?

मी सव्वीस वर्षं जिल्हा पुरवण्या काढल्या, आधी लातूरला, नंतर संभाजीनगरला. आरोग्य आणि आहाराची सदरं कोणाला नको असायची, म्हणून ती माझ्या टेबलावर यायची. मी आहारतज्ज्ञ नाही. पण कोणतं सदर कात्रण होऊन फडताळाच्या दाराला चिकटतं आणि कोणतं भज्यांच्या कढईशेजारी तेल टिपायला जातं, एवढं मला कळतं.

तुम्ही शैलीचं विचारलंय, पण तिसऱ्या लेखातलं जे वाक्य तुम्ही स्वतःच दिलंय ते बघा: "आजच्या माता मोबाईलमध्ये इतक्या गुंग आहेत की, लेकराच्या दप्तरात पाच रुपयांचे खाऊचे पाकीट टाकले की त्यांचे मातृत्व पार पडते." वाक्य झोकदार आहे. डेस्कवरच्या पोरांनी टाळी दिली असती. पण ते सुटलंय कोणाकडे? तुम्हाला आवडणारा तो स्तंभलेखक मंत्र्याला चिमटा काढतो, तेव्हा मंत्र्याकडे माईक असतो, प्रवक्ता असतो, खुलासा छापून आणायची ताकद असते. वाचक त्या चिमट्याला हसतो कारण तो स्वतः मंत्र्याच्या खाली उभा असतो. तुमच्या वाक्यातल्या बाईकडे यातलं काही नाही. तिच्याकडे फक्त शाळेत येऊन तुमच्यापुढे उभं राहण्याची वाट होती, आणि ती आली. मला तर तिचं कौतुकच वाटलं. बहुतेक जणी येत नाहीत, पेपर घडी करून ठेवून देतात.

उपरोध हा वर फेकायचा दगड आहे, खाली टाकला की कोणाच्या तरी डोक्यात बसतो. आता तुम्ही म्हणाल, मग वर फेकते. विषय आहेच. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यानं शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचे जादा पैसे थांबवले आणि लोकसहभागातून बघा असं कळवलं. एखाद्या स्तंभलेखकाला यावर आठ लेख सुचतील. पण तुम्ही जिल्हा परिषदेच्या सेवेत आहात. वर्तणुकीचे नियम तुम्हाला लागू आहेत, धोरणावर टीका छापून आली की खुलासा मागणारं पत्र यायला वेळ लागत नाही. सदर लिहिण्याची परवानगी घेतली नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत आधी लेखी घ्या. म्हणजे वर फेकायची सोय तुम्हाला फारशी नाही आणि खाली फेकायचं नाही. उरतं काय, तर आडवं बघणं. शेजारी बसून लिहिणं. माझ्या अनुभवात आहाराच्या सदराला तीच शैली मानवते.

ते कसं, हे तुमच्याच त्या वाक्यावर करून दाखवतो. तुमच्या प्रश्नातच पुढं आलंय की ते पाकीट आणणाऱ्या मुलाची आई पहाटे खुरपायला जाते आणि घरी आजी असते. हे तुम्हाला माहीत होतं आणि लेखात नव्हतं! मी तो परिच्छेद असा लावला असता:

"दुपारच्या सुट्टीत तिसरीतल्या एकानं दप्तरातून पाकीट काढलं. म्हटलं, डबा? म्हणाला, माय अंधारातच खुरपायला गेली, आज्जीला चुलीपुढं दिसत नाही. पाकीट आज्जीनं दुकानातून घेऊन दिलेलं, उधारीवर. मी विचारलं, घरात काय काय असतं रे? भाकर असती रातची. शेंगदाणे असतेत. गूळ असतो."

इथं थांबायचं. "मातृत्व" नाही, "आजची पिढी" नाही. पुढच्या परिच्छेदात सांगायचं की रात्रीची पोळी किंवा भाकर कुस्करून त्यात शेंगदाण्याचा कूट आणि लिंबाएवढा गूळ घातला, थोडं तेल किंवा असेल तर तूप टाकून मुटका वळला, की मलिद्याचा लाडू होतो. चूल लागत नाही, तेज नजर लागत नाही, आजीचे हात पुरतात. पाकिटाबद्दल वाईट अक्षर न लिहिता तुम्ही पाकिटाला पर्याय दिलात, तोही त्या घरात आधीपासून असलेला. त्या आईच्या हाती हा लेख पडला असता तर तिनं कदाचित तो आजीला वाचून ऐकवला असता.

हे लिहिताना एक मोह होईल, तो आवरा. गूळ म्हटलं की लोह, आणि लोह म्हटलं की रक्तवाढ, असं लिहून टाकायची आपल्याकडे रीत आहे. गूळ ही शेवटी साखरच आहे, लेकराच्या मापानं खाल्लेल्या खड्यातून फार लोह जात नाही. गूळ चवीला आणि लाडू वळायला. ताकद शेंगदाण्याची.

आता आकड्यांकडे येतो, कारण सदर फसतं ते इथंच. शाळेतल्या जेवणाचे आकडे तुम्हाला पाठ असतील: पहिली ते पाचवीला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 आणि 20. लहान गटाला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल. हे असं ओळीनं छापलं की वाचक पान उलटतो. आकडा एकच घ्या आणि तो भांड्यात उतरवा. उदाहरणार्थ, ते बारा ग्रॅम येतात कुठून? शंभर ग्रॅम तांदळातून सातेक, वीस ग्रॅम डाळीतून साडेचार-पाच. झाले बारा, जेमतेम. म्हणजे खिचडीत डाळ थोडी हात आखडून पडली की हिशेब तुटला. वीस ग्रॅम डाळ किती, तर लेकराच्या ओंजळीच्या तळाशी बसेल एवढी. आणि ती प्रत्येकाच्या ताटात पडते का? डाळ खाली बसते. वाढताना पळी वरवर फिरली तर रांगेतल्या पहिल्यांना भात-पाणी आणि शेवटच्यांना सगळी डाळ. पळी तळातून ढवळून वाढा, हा एक अख्खा लेख आहे. मॅडम, चवीच्या नोंदवहीत तुम्ही रोज सही करत असाल. पातेलं तुमच्यासमोर असतं. असा लेख पुण्या-मुंबईत बसून कोणाला लिहिता येणार नाही.

"शंभर ग्रॅममध्ये अमुक" ही भाषाही सोडा. तिळात कॅल्शियम नाचणीपेक्षा जास्त असतं हे खरंय, पण शंभर ग्रॅम तीळ कोण खातं? नाचणी तर आपल्याकडे मराठवाड्यात फारशी पिकतही नाही, तो घाट आणि कोकणाकडचा विषय. त्यापेक्षा मुठीत सांगा. मोठ्या माणसाची एक मूठ शेंगदाणे म्हणजे तीसेक ग्रॅम, त्यात सातेक ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा-सात. म्हणजे मूठभर शेंगदाणे हे प्रथिनांच्या मापात एक अंडं झालं. अंड्याचे इतर गुण त्यात नाहीत, तेही एका वाक्यात लिहा, नाहीतर कोणीतरी तुमचाच लेख दाखवून म्हणेल, मग अंडी कशाला हवीत.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, त्यातून ऋतू बघून लिहायचं मी शिकलो. 2016 चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, 12 एप्रिलला पहिली गाडी आली, पाच लाख लिटर घेऊन. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. आणि आमच्या पुरवणीत त्याच आठवड्यात आधीच लावून ठेवलेलं आहाराचं सदर छापून आलं: मोड आलेल्या मटकीचे फायदे. त्यात ओळ होती, "मटकी रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावी, सकाळी पाणी बदलून दोनदा स्वच्छ धुवावी." सकाळी अकराला फोन. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मटकी हाय माझ्याकडं. पाणी तेवढं पाठवून द्या." मी काही बोललोच नाही, फोन ठेवला. लेख चुकीचा नव्हता. त्या आठवड्यात त्या गावात तो चुकीचा होता. तेव्हापासून आहाराचा कोणताही मजकूर पानात लावण्याआधी मी स्वतःला विचारायचो, हे करायला काय काय लागतं? पाणी, सरपण किंवा गॅस, वेळ, दात. दात विसरू नका, पहिली-दुसरीतल्या निम्म्या लेकरांचे पुढचे दात पडलेले असतात, म्हणून फुटाणे डब्यात तसेच परत जातात.

आता डब्यात काय, या तुमच्या खऱ्या प्रश्नावर. इथं बरंच काही "कोणाचा डबा" यावर आहे. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेचा डबा, वाडीवरचा डबा आणि ऊसतोडीला गेलेल्या घरचा डबा हे तीन वेगळे विषय आहेत. दिवाळीच्या आसपास कोयता निघाला की धारूर-वडवणीकडच्या कित्येक घरांत लेकरं आजी-आजोबांकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात. त्या पाच महिन्यांत "आईंनो" अशी सुरुवात असलेला लेख कोणासाठी? वाचणाऱ्यात आई नाहीच. त्या काळात आजीला धरून लिहा.

तरी एक गोष्ट सगळ्या डब्यांना लागू आहे आणि तिच्यावर कोणी लिहीत नाही. ज्वारीची भाकर दुपारपर्यंत वातड होते. एवढंच कारण असतं बरेचदा. आपण ज्वारीचे गोडवे गातो, 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेली "परभणी शक्ती" ज्वारी आणली, सगळं खरं. पण सकाळी सातला केलेली भाकर दीडला डब्यातून निघते तेव्हा ती चामड्यासारखी असते आणि शेजारच्याच्या डब्यात मऊ पोळी असते. लेकरू ज्वारीला नाही म्हणत नाही, चामड्याला नाही म्हणतं. त्यावर आपल्याकडे जुने उपाय आहेत. पीठ उकळत्या पाण्यात मळणं. दुधात मळलेली दशमी, जी लोक पूर्वी प्रवासाला न्यायचे. आणि धपाटं, ज्याला तर मी पूर्ण डबाच म्हणतो: ज्वारी, त्यात बेसन आणि थोडी गव्हाची कणीक, तीळ, कोथिंबीर नाहीतर मेथी, मळायला दही. ज्वारीत प्रथिनाचा जो एक घटक कमी पडतो तो डाळीच्या पिठातून भरून निघतो. आपल्या आज्यांनी हे प्रयोगशाळेत बघितलं नव्हतं, पण भाकरीबरोबर बेसन, खिचडीत तूर, येसराच्या पिठात धान्याबरोबर डाळ, ही जोडी त्यांनी कधी सोडली नाही. आणि दोन दिवस धपाटं मऊ राहतं. सोबत घट्ट दही किंवा शेंगाची चटणी. झालं.

मधे एक भाषेचं. "बेसन" हा शब्द मी वर पिठाच्या अर्थानं लिहिला, पण आपल्याकडे "बेसन-भाकर" म्हटलं की ताटात पिठलं असतं. मुख्य अंकातले मुद्रितशोधक आमच्या पुरवणीतलं बेसन खोडून "पिठलं" करायचे आणि भाकर खोडून "भाकरी". मी संध्याकाळी पुन्हा बेसन आणि भाकर करायचो. हा हट्ट वाटेल, पण लेखात "पिठलं-भाकरी" आली की वाचणाऱ्या बाईला पुण्याचं हॉटेल दिसतं. "बेसन-भाकर" म्हटलं की तिची स्वतःची चूल दिसते. तसंच सुशीला, शेंगोळे, घोळीची भाजी, घोळाणा, ही पदार्थांची नावं आहेत तशीच लिहा. पाथरीची भाजी लिहाल तर एक ओळ टाका, नाहीतर परभणीचा वाचक गावाचं नाव समजेल. बाकी कोणत्याही शब्दाला कंसात अर्थ देऊ नका. ज्याला माहीत नाही तो विचारेल, विचारणं सदराला चांगलं.

चहाबद्दल एक लेख जरूर लिहा. आपल्याकडे सकाळी लेकराच्या पुढ्यात चहा-भाकर नाहीतर चहात बुडवलेलं टोस्ट असतं. चहामुळं जेवणातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो, आंबट फळानं उलट मदत होते. म्हणून चहा जेवणापासून तासभर तरी लांब आणि डब्यात लिंबाची फोड, पेरू, हिवाळ्यात बोरं, आवळा. पण "चहा बंद करा" असं लिहिलंत की लेख संपला. चहा हे कित्येक घरांत दुधाचं एकमेव रूप असतं. वेळ बदला म्हणायचं, चहा सोडा म्हणायचं नाही. आता तुमचे आधीचे तिन्ही लेख काढून त्यात "पाहिजे", "हवे", "टाळावे" किती वेळा आलंय ते मोजा. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात मी लाल पेनानं मोजायचो. साडेचारशे शब्दांत दोन चालतात. सहा असले तर ते परिपत्रक झालं, आणि परिपत्रकं तुम्ही दिवसभर शाळेत वाचताच.

दुसरं, पहिला परिच्छेद लिहून झाला की काढून टाका. दहापैकी आठ वेळा तो "आजच्या धकाधकीच्या जीवनात"चा नातेवाईक असतो आणि लेख खरा दुसऱ्या परिच्छेदात सुरू झालेला असतो. शेवटच्या फटक्याचंही तेच. राजकीय सदराला फटका शोभतो. डब्याच्या सदरात शेवटी कृती किंवा एखादं लेकराचं बोलणं ठेवा आणि गप्प बसा.

शाळेबाहेरच्या टपरीवर लिहायचा विचार तुम्ही केलाय असं दिसतं. 2020 च्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकायला मनाई आहे. नियम सांगायला हरकत नाही. पण तुमच्या गावात एकच टपरी असेल तर "एक टपरीवाला" हे नाव सांगितल्यासारखंच होतं, आणि त्याचं लेकरूही तुमच्याच शाळेत असणार. त्याच्याकडे उकडलेल्या शेंगा, चिक्की, केळी ठेवायला जागा आहे का हे आधी त्याच्याशी बोलून बघा. बोलणं जमलं तर त्याच्यावर लेख लिहा, त्याच्या नावासकट, त्याला विचारून. स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बायकांबद्दलही हेच.

थोडक्यात क्रम असा लावा: परवानगीचा कागद आधी, मग त्या आठवड्याचा ऋतू, मग एक घर, एक पदार्थ, एक आकडा. लेख झाला की तो शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मोठ्यानं वाचून दाखवा. मधेच त्या पातेलं बघायला उठल्या, तर कुठल्या ओळीला उठल्या तिथं पेन्सिलीनं खूण करा.

आणि ती आई. तिची माफी छापू नका, त्यानं तिची ओळख पुन्हा गावभर होईल. संध्याकाळी ती शेतातून आल्यावर घरी जा, चहा घ्या (तासभराचा नियम त्या दिवशी माफ), आणि विचारा की भाकर मऊ राहावी म्हणून ती काय करते. ती काहीतरी करत असणारच. ते लिहून घ्या, तिनं हो म्हटलं तर पुढच्या शुक्रवारी तिच्या नावानं छापा. नाही म्हणाली तर "एका माउलीनं सांगितलं" एवढं पुरे, तिला कळेल.